वाटेकरी

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात एक निवृत्त सुभेदार राहत. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. नातवानं साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये जावं, एवढीच आबांची इच्छा होती. 23 जून 1961 ला सुरू झालेली ती देशातली पहिली सैनिक शाळा, आणि आपल्याच जिल्ह्यातली.

2020 साली करोनामुळं शाळा बंद पडल्या, तेव्हा आबांनी घराच्या पडवीतच वर्ग मांडला. पहाटे पळणं, मग पाढे, मग गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न. नातवाची जुळी बहीण चहा घेऊन यायची आणि उत्तर निघेपर्यंत दाराशीच थांबायची. रात्री दोघं एकाच वहीवर वाकलेली असत. तो तिला सैन्यातले हुद्दे सांगायचा, ती त्याला अपूर्णांक सोडवून दाखवायची.

त्याच वर्षी प्रवेशाचे नियम बदलले. परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे गेली. ओबीसी मुलांसाठी 27 टक्के जागा राखीव झाल्या. आणि साताऱ्याच्या शाळेत साठ वर्षांत पहिल्यांदा सहावीचं दार मुलींना उघडलं. दहा टक्के किंवा दहा, यांत जो आकडा मोठा तेवढ्या जागा त्यांच्या.

आबांचा चेहरा उतरला. "जागा तेवढ्याच आणि वाटेकरी वाढले," ते पारावर म्हणाले. त्यांनी नातवाचा अर्ज भरला, नातीचा विषयच काढला नाही. वर नातवाला बजावलं, "आजपासनं वही कुणाला दाखवायची न्हाई. घरात बी न्हाई."

पोरानं वही पेटीत टाकली. आठवडाभरात त्याचं गणित अडायला लागलं.

भाऊबीजेला पलूसहून मुलांचे मामा आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते गुरुजी. बहिणीसाठी सांगलीची हळद आणली होती. फराळ झाल्यावर त्यांनी भाच्याला सहज प्रश्न घातला, "एका घनाच्या सहाही बाजू रंगवल्या आणि त्याचे सारखे 27 तुकडे केले. एकच बाजू रंगलेले तुकडे किती?"

भाचा बोटं मोडत बसला. आबाही विचारात पडले. भाची आत गेली. एका मोठ्या बटाट्याचा चौकोनी ठोकळा कापला, मामांनी आणलेल्या हळदीत सगळीकडून घोळवला आणि विळीवर त्याचे तीन थर, तीन उभे काप, तीन आडवे काप केले. ताट पडवीत आणून तिनं तुकडे वेगळे मांडले. "हे कोपऱ्याचे आठ, तीन बाजू पिवळ्या. हे कडेचे बारा, दोन बाजू पिवळ्या. हे मधले सहा, एकच बाजू. म्हणजे उत्तर सहा."

"आणि हा?" आबांनी ताटातला उरलेला तुकडा उचलला. तो पांढराच होता.

"तो अगदी आतला, आबा. त्याच्यापर्यंत हळद पोचलीच न्हाई."

मामांनी हीच वेळ साधली. "आबा, आमच्या पलूसला नवोदय शाळा आहे, तुमच्या साताऱ्याची खावलीला. सहावीला 80 जागा, किमान तीन चतुर्थांश खेड्यातल्या मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना. कुणाचं काही अडलं का? उलट शेतमजुराची पोर तिथं मोफत शिकते. ही हुशार पोरं पूर्वीही होती, पण त्यांना दारच नव्हतं. त्यांना वाटेकरी कसं म्हणायचं? तुमच्याच जिल्ह्यात नायगाव आहे, सावित्रीबाईंचं. आणि तुम्ही घरच्याच पोरीला दाराबाहेर ठेवता?"

आबा बराच वेळ तो पांढरा तुकडा हातात धरून बसले. अर्जाची मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातीची कागदपत्रं घेऊन स्वतः कोरेगावला गेले. येताना दोन नव्या वह्या आणल्या आणि नातवाला म्हणाले, "जुनी पेटीतनं काढ. दोघं मिळून सोडवा."

7 फेब्रुवारी 2021 ला सैनिक स्कूलची परीक्षा झाली. 300 गुणांच्या पेपरात 150 गुण एकट्या गणिताला. पुढं वैद्यकीय तपासणी होऊन यादी लागली, तिच्यात नातीचं नाव होतं, नातवाचं नव्हतं.

गावात कुणीतरी बोललंच, "नातीनं नातवाची जागा खाल्ली."

आबा पारावर उभे राहिले. "तिनं तिची जागा मिळवली. ह्याला गुण कमी पडले, आणि त्यातले चार मी घालवले, बहिणीला त्याच्यापासनं तोडून."

ऑगस्टमध्ये नातवानं नवोदयची परीक्षा दिली, तिथंही निवड झाली नाही. तो रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कूलमध्ये दाखल झाला. 1919 साली काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी लावलेलं हे झाड. पुढं साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. आबांनी पडवीतला वर्ग बंद केला नाही. नातू सकाळी स्वतः शिकला आणि संध्याकाळी गल्लीतल्या लहानांना अपूर्णांक शिकवू लागला. शिकवता शिकवता त्याचं गणित पक्कं झालं. सुट्टीत बहीण घरी आली, की तिची अडलेली उदाहरणं आता तो सोडवून देई.

प्रवेशाचे नियम पुढंही बदलत राहतील. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती 2016-17 ला पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. नियम न्याय्य आहे का, हे जरूर विचारावं, अन्याय असेल तर भांडावंही. पण बदललेल्या नियमानं एखादं नवं पोर आत येत असेल, तर त्याचा राग करू नये आणि आपल्या पोरालाही तो शिकवू नये. यादीत नाव येणं कधीच आपल्या हाती नसतं. शेजारच्या पोराला वही दाखवणं मात्र असतं, आणि त्यात आपल्या पोराचं कधीच नुकसान होत नाही.