आशेची मुदत

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी उघडतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अखेरच्या स्पर्धेतील ६८ संघांपैकी ६७ संघांच्या पदरी पराभव टाकून, संपतो. शिडीवर चढून कात्रीने कापलेल्या बास्केटच्या जाळीचे तुकडे विजयी मुलींच्या टोप्यांना अजून अडकवलेलेच असतात, तोवर जाणकार मंडळी पुढल्या हंगामाची क्रमवारी मांडायला बसलेली असतात. कोण पदवी घेऊन गेली, कोण एक वर्ष राहिली, कोणी विद्यापीठ बदलले, कोणत्या शाळेतली उंच मुलगी कोठे दाखल होणार, या साऱ्याचा जमाखर्च एका रात्रीत तयार होतो. पूर्वी मला या घाईचा कंटाळा येत असे. झालेल्या गोष्टीचा आस्वाद पुरता न घेता न झालेल्या गोष्टीकडे धाव घेणे ही मनाची दरिद्री सवय आहे, असे मी मानीत होतो. परंतु गेली काही वर्षे हा खेळ जवळून पाहताना असे वाटू लागले आहे की या सवयीच्या मुळाशी एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न उभा आहे: आशा करणे हे मनुष्याचे बंधन, की त्याचे बळ?

आपल्याकडे आशेला फारसे चांगले नाव नाही. बोलण्यात 'आशा' म्हटले की 'वेडी' हे विशेषण आपसूक जवळ येऊन बसते. वैराग्यपर वाङ्मयाने तिला बेडी म्हटले, मृगजळ म्हटले, आणि ती सुटली की माणूस सुटला, असा निर्वाळा दिला. ख्रिस्ती धर्मशास्त्राने नेमके उलट केले आणि श्रद्धा व प्रेम यांच्या पंक्तीला आशेला मानाने बसविले. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या धर्मचिंतकाने तिची लक्षणे मोठ्या काटेकोरपणे सांगितली आहेत: आशेचा विषय इष्ट असला पाहिजे, तो भविष्यातला असला पाहिजे, दुष्प्राप्य असला पाहिजे आणि तरीही शक्य कोटीतला असला पाहिजे. तिचे दोन शत्रूही तो दाखवितो. एक निराशा, आणि दुसरा शत्रू, जो सहसा कोणी ओळखीत नाही, तो म्हणजे फळ आपल्या हक्काचेच आहे असे गृहीत धरणारा उद्दामपणा. एक शत्रू दुष्प्राप्याला अशक्य समजतो. दुसरा त्याला हातचा मळ समजतो.

हंगामापूर्वीच्या क्रमवारीत मला हा दुसरा शत्रू स्पष्ट दिसतो. २०२३ चे विजेतेपद लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आयोवाला १०२-८५ असे हरवून मिळविले आणि पुढल्या हंगामाच्या यादीत साहजिकच त्या संघाचे नाव सर्वांत वर लिहिले गेले. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, लास व्हेगासमध्ये कोलोराडोने त्यांना ९२-७८ असे पराभूत केले. त्याच उन्हाळ्यात साऊथ कॅरोलायनाची अवस्था नेमकी विरुद्ध होती. ३६ सामने सलग जिंकून उपान्त्य फेरीत आलेला तो संघ आयोवाकडून ७७-७३ असा हरला, आणि सामन्याला आरंभ करणाऱ्या त्याच्या पाचही मुली शिक्षण संपवून निघून गेल्या. एखाद्या वाड्याचे पाचही खांब एकदम काढून घ्यावेत, तसे ते झाले. जाणकारांनी त्याला यादीत खाली उतरविले. पुढे काय घडले? नव्या पाच जणींनी तो हंगाम ३८ विजय आणि शून्य पराभव असा पार पाडला आणि ७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलंडमध्ये त्याच आयोवाला ८७-७५ असे हरविले. आदल्या वर्षी राखीव बाकावरून उठून मैदानात येणारी, सहा फूट सात इंच उंचीची, ब्राझीलहून आलेली कामिला कार्दोसो हिने अंतिम सामन्यात १५ गुण मिळविले, १७ वेळा परतलेला चेंडू झडपला आणि त्या फेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान घेतला.

भाकिते चुकतात, हे सांगण्यासाठी मी ही उदाहरणे दिली नाहीत. ते तर बाजारातला भाजीवालाही सांगेल. मला जाणवते ते निराळे आहे. साऊथ कॅरोलायनाच्या प्रेक्षकांनी २०२३ च्या त्या रात्री डोळे पुसत 'पुढच्या वर्षी आपण जिंकू' असे म्हटले असेल, तेव्हा त्यातले 'आपण' म्हणजे नेमके कोण? हरलेल्या मुली तर निघून गेल्या. महाविद्यालयीन खेळाचा नियमच असा की खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम मिळावेत, अधिक नाही; कितीही थोर खेळाडू असो, तिच्या सनदेवर अखेरची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असते. भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा जो दाखला दिला, पहिल्या प्रहरीची ज्योत आणि अखेरच्या प्रहरीची ज्योत एकच म्हणावी की वेगळी, तो मला येथे वारंवार आठवतो. संघाचे नाव तेच, रंग तोच, सभागृह तेच. जळणारे तेल मात्र दर वर्षी निराळे. म्हणून येथील आशा ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी फळाची आशा असते. अखेरच्या वर्षाची मुलगी सरावात पहिल्या वर्षाच्या मुलीला खांदा कसा लावावा आणि पाय कोठे रोवावा हे शिकविते, तेव्हा ती आपण ज्यात नसू अशा सामन्याची तजवीज करीत असते.

आता निराशेकडे वळतो. आणि ती पाहावयाची तर मैदानाबाहेर, उपचाराच्या खोलीत जावे लागेल. २४ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची जूजू वॉटकिन्स चेंडू घेऊन धावत असता कोसळली आणि तिच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. पहिल्याच वर्षी ९२० गुण मिळवून नवागत खेळाडूंचा राष्ट्रीय विक्रम नोंदविणारी ही मुलगी. २०२५ चा सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान तिला मिळाला, तो तिने जायबंदी अवस्थेत स्वीकारला. सप्टेंबरमध्ये तिने जाहीर केले की २०२५-२६ च्या हंगामात आपण खेळणार नाही. ज्या मुलीच्या पदरात एकंदर पाचच वर्षे, तिने त्यांतले एक बाकावर बसून पाहावयाचे.

या दुखापतीचा उपचार मी एका ओळखीच्या मुलीच्या घरी जवळून पाहिला आहे. मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून तिरपा बांधून ठेवणारा हा बोटाएवढा बंध एकदा तुटला की नुसता शिवून सहसा भागत नाही. शल्यविशारद रुग्णाच्याच वाटीखालची किंवा मांडीमागची कंडरा काढून, हाडांत बोगदे पाडून, तिची पट्टी त्या जागी ओवतात. ही पट्टी आरंभी एक प्रकारे मरते. मग शेजारच्या ऊतींतून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात, आणि कित्येक महिन्यांनी ती कंडरा अस्थिबंधाचे रूप धारण करते. यातली विलक्षण गोष्ट अशी की सहाव्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सूज ओसरून, काठी सुटून, मुलीला 'मी बरी झाले' असे अंतःकरणापासून वाटू लागते त्याच सुमारास, आतली पट्टी सर्वांत दुबळी असते. तिला त्या दिवसांत धावू न देणे हेच मोठे काम. आणि त्याआधीचा पहिला व्यायाम तर पाहणाऱ्याला व्यायाम वाटतच नाही: पलंगावर पाय लांब करावा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबावी, पाच अंक मोजावेत, सोडावी, पुन्हा दाबावी. ती मुलगी छताकडे पाहत अंक मोजी, आणि मांडीचा स्नायू कापडाखाली पाण्यातल्या माशासारखा थरथरे. त्या खोलीत पुढच्या हंगामाचे नाव कोणी काढीत नव्हते. तरीही त्या थरथरण्याला पुढच्या हंगामावाचून दुसरा काही अर्थ होता, असे मला म्हणता येत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एका सूक्ष्म भेदाचा मला आधार वाटतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्यांनी फलाशेचा त्याग आणि कर्माचा त्याग या दोन गोष्टींची सरमिसळ करणाऱ्यांचा विस्ताराने समाचार घेतला आहे. फलाशा सोडणे म्हणजे हेतू न ठेवता, परिणाम न जाणता, आंधळेपणाने राबणे नव्हे. फळ मला आणि मलाच मिळाले पाहिजे ही आसक्ती तेवढी सोडावयाची. टॉवेल दाबणाऱ्या त्या मुलीला परिणामाचे ज्ञान पक्के हवे, अन्यथा ती उद्या दाबणार नाही. आणि परिणामावर दावाही सांगता कामा नये, अन्यथा ती दहाव्या आठवड्यात धावेल आणि पट्टी तोडून घेईल. अक्वायनस ज्याला आशा म्हणतो ते आणि गीता ज्याला निष्काम कर्म म्हणते ते एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एकाच्या मुळाशी ईश्वराच्या साहाय्यावरचा भरवसा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी आत्म्याच्या स्वरूपाचे ज्ञान. पण त्या पलंगाच्या कडेला दोघे एकमेकांच्या अगदी शेजारी येऊन उभे राहतात, एवढे मी पाहिले आहे.

काही जण म्हणतील, आता या खेळात पैसा शिरला. २०२१ पासून मुलींना आपल्या नावावर कमाई करता येते, विद्यापीठ बदलूनही लगेच खेळता येते. मग दुसऱ्याच्या फळाची आशा ही भाषा कोणी बोलावी? ही तक्रार मला अर्धीच पटते. ज्या मुलींच्या घामावर सभागृहे भरत होती त्यांना त्यातला वाटा नाकारणे ही काही पावित्र्याची खूण नव्हती. मात्र एक-एक वर्षाच्या कराराने बांधलेल्या संघात 'आपण' हा शब्द तोकडा होत जातो, ही हळहळ मला खरी वाटते आणि तिच्यावर उपाय मला सुचत नाही.

कारण हा खेळ उभाच राहिला आहे तो फळ न पाहिलेल्या बायकांच्या कष्टांवर. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये मुलींना हा खेळ शिकविला, तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीला आपल्या भागातच राहण्याचे बंधन घातले होते, दमछाक होऊ नये म्हणून. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला, आणि पुरुषांना तेथे प्रवेश नव्हता. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावण्याची मोकळीक, आणि शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेदाला मज्जाव करणारा १९७२ चा कायदा, हे सारे त्या मुलींच्या नातींच्या वाट्याला आले.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षिका के याव यांचा विचार मनात आला की मी काही काळ गप्प होतो. १९८७ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच वर्षी सोल येथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. पुढे रोग उलटला. त्या रजा घेत, परत येत, बाकावर बसून सामने चालवीत. प्रशिक्षकाचे काम असे असते की शाळकरी मुलींच्या घरी जाऊन, त्यांच्या आईवडिलांसमोर बसून, दोन-तीन वर्षांनंतरच्या हंगामाची बोलणी आज करावी लागतात. मृत्यू अंगात वागविणाऱ्या बाईने ती बोलणी वर्षानुवर्षे केली. २४ जानेवारी २००९ रोजी, हंगाम अर्ध्यावर असताना, त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीसाठी त्यांनी स्वतःचे भाषण आधीच चित्रित करून ठेवले होते. जमलेल्या लोकांनी ते पाहिले. त्या निस्सीम ख्रिस्तभक्त होत्या आणि मरणाच्या पलीकडे त्यांना खरोखरच पुढचे काही दिसत होते. मला ते दिसत नाही. पण ज्या स्थिरपणे त्या येत्या वर्षाविषयी बोलत, त्याच स्थिरपणे त्यांना त्या पलीकडच्याविषयीही बोलता आले, हे मला नाकारता येत नाही.

१९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कॅरोलिन पेक या तो मान मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक. त्या विजयाच्या जाळीचा एक तुकडा त्यांनी २०१५ मध्ये साऊथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांच्या हाती दिला. अट एवढीच की स्वतःची जाळी कापाल तेव्हा हा परत करा. स्टेली यांच्या नावावर तोवर एकही विजेतेपद नव्हते. २०१७ मध्ये ते मिळाले, आणि २०२१ च्या हंगामात आपल्या जाळीचे तुकडे त्यांनी देशभरच्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठविले. त्यांतल्या बहुतेकींच्या संघांना अंतिम सामना म्हणजे केवळ दुरून पाहण्याची गोष्ट. टपालाने आलेला तो दोऱ्याचा तुकडा कोणी मेजाच्या खणात ठेवला असेल, कोणी चौकटीत बसविला असेल. शरद ऋतू आला की सरावाच्या पहिल्या सकाळी, रिकाम्या सभागृहात दिवे लावून, नवख्या मुलींची रांग करून, त्या पुन्हा चेंडू टाकायला उभ्या राहतात.