कुलूप कंपनीचे, खातेवही आपली

मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की व्हिज्युअल फॉक्सप्रो या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची पुढची आवृत्ती निघणार नाही, नववी आवृत्ती हीच शेवटची. १३ जानेवारी २०१५ रोजी त्या आवृत्तीमागचे उरलेसुरले पाठबळही कंपनीने काढून घेतले. त्यालाही आता दशक उलटून गेले आहे. तरीही वडगाव-कामशेतच्या बाजारपेठेत, पवन मावळातल्या किंवा आंदर मावळातल्या एखाद्या गावात छोट्या पतसंस्थेच्या दारात उभे राहिले, तर काउंटरमागे फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेब चालू असलेला दिसू शकतो. शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत असतो आणि लिपिक ताई माउसला हात न लावता, नुसत्या बटणांवर, दिवसभराची रोजकीर्द उतरवून काढतात.

या हत्याराने आपल्यावर उपकार केले आहेत, हे आधी कबूल केले पाहिजे. ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने ते घडवले, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गल्लीगल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते शिकवले जाऊ लागले. स्वस्तातल्या मशीनवर चालणारे, हजारो खात्यांतून एक खाते क्षणात शोधून देणारे आणि बीकॉम झालेल्या मुलालाही काही महिन्यांत हाताळता येणारे असे दुसरे साधन तेव्हा सहज मिळत नव्हते. त्या मुलांनी रात्री जागून पतसंस्थांचे, दूध डेऱ्यांचे, खतांच्या दुकानांचे हिशेब यंत्रावर आणले. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, अशा संस्थांची कामे त्यांनी केली. म्हणून आज जे लिहितो आहे ते त्यांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. त्यांचे काम त्यांच्यामागेही टिकावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

संचालकांशी बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले असते, ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’ मला हे उत्तर मान्य नाही. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असते. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. जमीन विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे, रोज संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातावर ठेवलेली पन्नासाची नोट, या सगळ्याला आधार असतो तो संस्थेच्या वहीत आपले नाव बरोबर लिहिले आहे या विश्वासाचा. ती वही आता यंत्रात आहे. डॉसवरचे जुने फॉक्सप्रो आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाही, म्हणून जुने मशीन जपून ठेवावे लागते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चेही सर्वसाधारण पाठबळ थांबले. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क कधी दगा देईल हे कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या ठेवी सांभाळण्याची जबाबदारी पत्करलेल्या माणसाला ‘चालतंय तोवर चालवू’ असे म्हणण्याचा अधिकार नाही.

असा जुना हिशेब उघडला की आत काय दिसते, तेही सांगितले पाहिजे. डीबीएफ नावाची फाईल आज कोणीही लिबरऑफिसमध्ये उघडू शकतो, इतके तिचे स्वरूप सर्वज्ञात आहे. फाईल उघडते. वर रकान्यांची नावे दिसतात. दहा अक्षरांपेक्षा मोठे नाव चालत नसल्यामुळे थकबाकी, जामीनदार, व्याजदर हे शब्द रोमन लिपीत कापून-कोंबून बसवलेले असतात. लिहिणाऱ्याला ते कळत होते, नव्या माणसाला अंदाज बांधावा लागतो. त्याखाली सभासदांची नावे असायला हवीत, तिथे असते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कारण फॉक्सप्रोला युनिकोड ठाऊकच नव्हते. मराठी नावे श्रीलिपीच्या नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टच्या हिशेबाने साठवलेली असतात. तो फॉन्ट लावला तर शिंदे, दाभाडे, गराडे दिसतात, काढला तर काहीच वाचता येत नाही. ही नावे युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत. पण जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या हटकून चुकतात, आणि शेवटी कुणीतरी एकेक नाव जुन्या पासबुकाशी ताडून पाहावे लागते. हे काम यंत्राचे नाही. गावातली आडनावे तोंडपाठ असलेल्या माणसाचे ते काम आहे, आणि त्याची मजुरी कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेली नसते.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. व्याजाला वर्ष ३६५ दिवसांचे धरले आहे की ३६०? पैसे रुपयात कुठे वळते केले आहेत? कर्जदार गेल्यावर दंडव्याज थांबवायचे, असा ठराव एखाद्या संचालक मंडळाने कधीकाळी केला असेल, तर तो कुठल्या ओळीत बसवला आहे? हे सगळे मूळ प्रोग्रॅमच्या मजकुरात, म्हणजे सोर्स कोडमध्ये, असते. दुसरीकडे कुठेही ते लिहून ठेवलेले नसते. आणि तो मजकूर बहुतेक वेळा संस्थेकडे नसतोच. संस्थेकडे असते फक्त चालणारी बंद फाईल. मजकूर ज्याने लिहिला तो आता पुण्यात, बंगळुरात, कधी अमेरिकेत असतो. कधी तो हयातही नसतो.

इथे मी स्पष्ट बोलणार आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचा हिशेब लिहून द्यायचा आणि त्याचा मूळ मजकूर स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक कायमचे बांधून ठेवायचे, ही रीत आपल्या धंद्यात व्यवहार म्हणून खपून गेली आहे. ती अन्यायाची रीत आहे. वाड्याची किल्ली गवंड्याने आपल्याकडे ठेवलेली कोणी चालवून घेतली नसती. आणि दोष एकट्या प्रोग्रॅमरचा मुळीच नाही. सभागृहाच्या रंगरंगोटीला हात सैल सोडणारे संचालक मंडळ प्रोग्रॅमरशी मात्र शे-दोनशेसाठी घासाघीस करते, एकदा पैसे दिले की पुढची पंधरा वर्षे देखभालीचा एक रुपया देत नाही, आणि अडचण आली की त्याला रात्री दहाला फोन करते. अशा गिऱ्हाइकापुढे मजकूर जवळ ठेवणे हाच त्या माणसाला एकमेव आधार वाटत असेल, तर आपण त्याला तिथवर ढकलले आहे.

मग पर्याय कोणता? हा प्रश्न जगभरच्या फॉक्सप्रोवाल्यांनी विचारला. २००७ मध्येच स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोग्रॅमरांनी ‘मास फॉक्सप्रो’ नावाची सह्यांची मोहीम काढली. त्यांची मागणी सरळ होती. चालवायचे नसेल तर मजकूर लोकांना खुला करा. कंपनीने काही जोडसाधने खुली केली, गाभा मात्र बंदच ठेवला. ती जोडसाधने ज्या कोडप्लेक्स नावाच्या संकेतस्थळावर ठेवली होती, ते संकेतस्थळही कंपनीने २०१७ मध्ये बंद केले, आणि स्वयंसेवकांना बिऱ्हाड उचलून दुसरीकडे न्यावे लागले. याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. ॲटम हे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केले. पण त्याचा मजकूर आधीच खुला झालेला होता. वापरणाऱ्यांनीच तो उचलला आणि पल्सर या नावाने पुढे चालू ठेवला. मुलांना मोबाईलचे ॲप बनवायला शिकवणारे ॲप इन्व्हेंटर गुगलने २०११ च्या अखेरीस सोडून दिले. मजकूर खुला केल्यामुळे एमआयटीने ते हाती घेतले आणि ते आजही शाळांत वापरले जाते. तिन्ही हत्यारे बंद झाली. एकाचे वापरकर्ते हात जोडून उभे राहिले, बाकी दोघांचे कामाला लागले.

मावळातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी निवडून काढला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. तो सरळ वाण आहे. आपल्या खाचरातले चांगले लोंबीदार भात बाजूला काढून पुढच्या वर्षी पेरता येते, शेजाऱ्याला देता येते, लेकीच्या सासरी पाठवता येते. हायब्रीड बियाणे घेतले की दरवर्षी दुकान आले, आणि कंपनीने वाण बंद केला की तो वाण संपला. हिशेबाचे साधन निवडताना आपण हा साधा विचार करत नाही.

नावेच हवी असतील तर ती आहेत. ज्यांना जुना मजकूर हाताशी आहे त्यांनी आधी एक्सशार्प पाहावे. ते खुले आहे आणि फॉक्सप्रोची बोली बरीचशी समजून घेते. हार्बर हेही त्याच कुळातले. नव्याने लिहायचे असेल तर माहिती ठेवायला एका शाखेच्या संस्थेला एसक्युलाईट पुरे. तिचे कर्ते आपल्या फाईलचे स्वरूप २०५० पर्यंत सांभाळण्याचे लेखी सांगतात, आणि ती कोणाच्याही मालकीची नाही. अनेक शाखा असतील तर पोस्टग्रेस. वर पायथनसारखी भाषा, जी आज अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला येते. यांतले नेमके कोणते, याबद्दल मी फारसा आग्रही नाही. महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या ऑनलाइन प्रोग्रॅमबद्दल मात्र सावध करतो. तो सोयीचा असतो, हे खरे. पण करार संपला त्या दिवशी आपली सगळी माहिती वाचता येईल अशा रूपात परत मिळणार का, हे लेखी विचारा. उत्तर गोलमाल आले तर तिथेच थांबा.

‘खुले म्हणजे फुकट, आणि फुकटाला वाली नसतो,’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. खुल्या साधनालाही सांभाळणारा माणूस लागतो आणि त्याला पोट असते. एका लहान पतसंस्थेला तो परवडत नाही, हेही खरे. पण याचे उत्तर शोधायला आपल्याला तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

तळेगाव दाभाड्यात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले, लोकमान्य टिळकांनी त्या कामाला आपले बळ दिले, आणि थेंबथेंब जमलेल्या पैशातून परदेशी काचेला उत्तर देणारा कारखाना झाला. जपानमध्ये विद्या घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवायला घेतला. त्याचे सगळ्यात मोठे काम मला कंदिलाच्या काचा करणे हे वाटत नाही. तिथे मुलांना काच करायला शिकवले गेले, आणि ती मुले देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. विद्या तिजोरीत ठेवली असती तर कारखान्याबरोबर तीही संपली असती.

तोच मार्ग हिशेबाला लागू करा. मावळ तालुक्यातल्या पतसंस्थांचे, विविध कार्यकारी सोसायट्यांचे कामकाज नव्वद टक्के सारखेच असते. तेच ठेवींचे प्रकार, तीच कर्जे, तोच १९६० चा सहकार कायदा, तेच लेखापरीक्षण. मग प्रत्येकाने वेगळा प्रोग्रॅम, वेगळ्या माणसाकडून, वेगळ्या कुलपात का विकत घ्यावा? दहा संस्थांनी थोडीथोडी वर्गणी काढून एकच खुला प्रोग्रॅम लिहून घ्यावा, त्याचा मजकूर दहाही संस्थांकडे असावा, आणि दोन प्रोग्रॅमरांना वर्षाच्या कराराने देखभालीचे नीट पैसे द्यावेत. दोन, कारण एकाला ताप आला तर काउंटर बंद पडता कामा नये. नाणे मावळातल्या संस्थेने केलेली दुरुस्ती पवन मावळातल्या संस्थेला आपोआप मिळावी. सहकार हा शब्द आपण पाटीवर लिहितो. तो इथे कामाला लावता येतो.

माणसांची वाण नाही. कुसगावच्या, तळेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात, लोकल पकडून पुण्याकडे जातात, हिंजवडीत नोकऱ्या शोधतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला त्यांतले अनेक जण बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतात, हे त्यांचे शिक्षकही जाणतात. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी एखाद्या पतसंस्थेची जुनी डीबीएफ घेऊन, संस्थेच्या परवानगीने आणि गुप्ततेची लेखी हमी देऊन, नावे युनिकोडमध्ये आणावीत, व्याजाचे नियम लिपिक ताईंकडून समजून घेऊन साध्या मराठीत लिहून काढावेत. त्या ताईंना काउंटरवर बसून जे कळते ते कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांच्या निवृत्तीआधी ते कागदावर आले पाहिजे, आणि त्या कागदावर त्यांचेही नाव असले पाहिजे.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. अहवाल वाचन, नफा वाटणी, लेखापरीक्षकाची नेमणूक, आणि मग आयत्या वेळी येणारे विषय. तोवर निम्मे सभासद चहाकडे वळलेले असतात. या वर्षी वळू नका. उठून विचारा: आपला प्रोग्रॅम कशात लिहिला आहे? मूळ मजकूर संस्थेच्या ताब्यात आहे का? नसेल तर लिहिणाऱ्याला योग्य मोबदला देऊन तो कधी घेणार? माहितीची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवली जाते का, आणि ती उघडून कोणी शेवटची कधी पाहिली? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि शेजारच्या गावच्या संस्थेत तुमचा मेहुणा किंवा बहीण सभासद असेल तर हेच चार प्रश्न त्यांच्याही हातात लिहून द्या.