दुःखाला कारण आहे, म्हणून?

मागच्या पावसाळ्यात पनवेलमधल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी ठासून सांगितलं, की नैराश्याचे प्रकार वगैरे काही नसतात. औषध विकणाऱ्यांनी पाडलेले ते कप्पे आहेत. कोपर, चिंचपाडा, तरघर, उलवे अशा दहा गावांतून नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठून करंजाडे-वडघर आणि पुष्पकनगरला आलेल्या माणसांचं दुःख विस्थापनाचं आहे, त्यावर गोळी देणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमागचा संताप मलाही आहे. पण विधान चुकीचं आहे, आणि करंजाड्यात राहणाऱ्या मला ते धोक्याचं वाटतं.

वक्त्यांचा एक आधार होता ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना माँक्रिफ यांचा २०२२चा लेख. मेंदूतलं सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला भक्कम पुरावा नाही, असं त्या लेखात दाखवलं आहे. ठीक. पण त्यावरून औषधाने कोणाला बरं वाटतं की नाही हे ठरत नाही, आणि आजारच नाही हे तर मुळीच ठरत नाही. हा मुद्दा इथेच सोडतो, कारण दुसरा आधार जास्त वजनाचा आहे.

तो हॉर्विट्झ आणि वेकफिल्ड या दोघा अमेरिकी अभ्यासकांचा, २००७ सालचा. १९८०मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी निदानाची नवी पद्धत आणली: यादीतली ठरावीक लक्षणं सलग दोन आठवडे दिसली तर नैराश्य. ‘का’ हा प्रश्न गळाला. जवळचं माणूस गेल्यावरचा शोक तेवढा वगळला होता. वेकफिल्ड विचारतात, मृत्यूचा शोक वगळता, मग नोकरी गेली, संसार मोडला, घरदार उठलं, त्या दुःखाने काय पाप केलं? त्याला आजार का म्हणायचं? उत्तर देण्याऐवजी त्या पद्धतीच्या २०१३च्या आवृत्तीने शोकाची सवलतही काढून टाकली.

हा आक्षेप इथे पुनर्वसनाच्या भूखंडांवर उभं राहून वाचला की अंगावर येतो. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. खाडीत जाळं टाकून आणि भात लावून आयुष्य काढलेला माणूस आता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून असतो. त्याचं जेवण तुटलं, झोप उडाली, तर त्याला रुग्ण म्हणणं उर्मटपणाचं वाटतं. मीही बरेच दिवस वेकफिल्ड यांच्याच बाजूला झुकून विचार करत होतो.

तिथून मला बाजूला केलं ते जॉर्ज ब्राउन यांनी. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, समाजशास्त्रज्ञ. टिरिल हॅरिस यांच्यासह त्यांनी दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या घरी जाऊन तासन्‌तास मुलाखती घेतल्या. पुस्तक आलं १९७८ साली. नैराश्य आलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्यात त्याआधी काहीतरी गंभीर घडलं होतं किंवा मोठी विवंचना मुक्कामाला होती. म्हणजे कारण होतंच. पण असा आघात झालेल्यांपैकी साधारण पाचातली एकच आजारी पडली. बाकीच्या रडल्या, खचल्या आणि सावरल्या. फरक कशाने पडला? मनातलं सांगता येईल असं जवळचं माणूस आहे का, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं आहेत का, घराबाहेर काम आहे का, लहानपणीच आई गेली का, यांनी.

ब्राउन यांनी आणखी एक तपासलं. तेव्हा डॉक्टर नैराश्याचे दोन भाग करत: आतून उगवणारं आणि परिस्थितीने आणलेलं. पहिलं तीव्र, म्हणून शरीराचं. दुसरं समजण्यासारखं, म्हणून सौम्य. दोन्ही गटांतल्या रुग्णांचं मागचं वर्ष तपासलं तर आघातांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. पहाटे तीनला जाग येणं, सकाळी सगळ्यात वाईट वाटणं, आवडत्या नातवाला पाहूनही काहीच न हलणं, ही तीव्र लक्षणंही जमीन गेल्यानंतर येऊ शकतात. ‘तुमच्या दुःखाला कारण आहे, म्हणून तो आजार नाही’ या वाक्यातला ‘म्हणून’ इथे कोसळतो. प्रकार नसतात म्हणणारे वक्ते स्वतःच कारण असलेलं आणि नसलेलं असे दोन प्रकार पाडत होते, आणि नेमके तेच टिकत नाहीत.

ब्राउन यांच्या नंतरच्या कामात दिसलं की नुसत्या गमावण्यापेक्षा अपमान आणि अडकून पडणं माणसाला जास्त मोडतं. आणि बरं होण्याआधी अनेकदा आयुष्यात एखादी नवी सुरुवात झालेली असते. ‘जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्क्यांचा प्लॉट मिळाला, बिल्डिंग झाली, भाडं येतंय, मग कसलं टेन्शन?’ असं इथे सर्रास विचारलं जातं. त्याचं उत्तर यात आहे. भाडं येतं, पण उद्या सकाळी उठून कुठे जायचं याचं उत्तर त्यात नसतं. ज्यांच्या नावावर प्लॉटच नव्हता, त्या घरातल्या सुनांचा तर या हिशेबात उल्लेखही नसतो.

मग कोणते प्रकार उरतात? आजार कसा चालतो यावरून पाडलेले. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल लेओनहार्ट यांनी १९५७मध्ये एकध्रुवी (नुसतं नैराश्य) आणि द्विध्रुवी (कधी नैराश्य, कधी उन्माद) अशी फारकत केली, तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. आज खचून बसलेला तरुण दोन वर्षांपूर्वी आठवडाभर न झोपता उधळेपणाने गाड्या बुक करत होता का, हे न विचारता नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. दोन वर्षं किंवा जास्त मुरलेलं नैराश्य घरच्यांना स्वभाव वाटतं; त्याला कोणी डॉक्टरकडे नेतच नाही. बाळंतपणानंतरचं वेगळं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या २००२च्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के स्त्रियांना ते होतं. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. तिथे कारण सामाजिक आहे, आजार खरा आहे, आणि दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत.

गोव्यातच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्यांवर एक प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. सुटलेली कामं, सुटलेली माणसं पुन्हा थोडी थोडी आयुष्यात आणायची, हा त्यांचा गाभा. २०१७मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले होते, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. तिथे कोणी कोणाला ‘विसरा तुमची जमीन’ असं सांगायची गरज नव्हती.

२०१३च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसन वसाहतीला काय काय द्यायचं याची यादी आहे: रस्ते, पाणी, अंगणवाडी, स्मशान, दोन किलोमीटरच्या आत आरोग्य उपकेंद्र. त्या उपकेंद्रात असा एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, द्विध्रुवी आजाराचा प्रश्न विचारायला शिकलेला, आगरी-कोळी बोली समजणारा. वाढीव मोबदल्यासाठी मोर्चा निघेल तेव्हा मागण्यांच्या निवेदनात ही मागणीही लिहावी, आणि ती त्या वक्त्यांनीच व्यासपीठावरून वाचून दाखवावी. विस्थापितांवर त्यांची माया आहे, हे मी त्या दिवशी ऐकलं आहे.