शपथ घेतली, पुढे काय?

डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवर कॅप्युचिन या कॅथलिक साधूंच्या संघाचा मठ आहे. आयर्लंडमधल्या या संघाचे दफ्तर तिथे जपलेले आहे आणि त्यात याच संघातले, लोकांना दारू सोडण्याची शपथ देणारे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांचे कागदही आहेत. ‘आमच्या गावी या, लोकांना शपथ द्या’ अशी बोलावणी, दारू सोडल्याची प्रमाणपत्रे, पदके. एखाद्या चळवळीने माणसाचे आयुष्य बदलले की नाही हे अशा कागदांवरून कळते का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. शपथेचा दिवस कागदावर येतो. त्यानंतर येणारी प्रत्येक संध्याकाळ मात्र ज्याची त्यालाच काढावी लागते.

मॅथ्यू कॉर्क शहरातल्या गरिबांमध्ये राहणारे धर्मगुरू. विल्यम मार्टिन या क्वेकर गृहस्थाने त्यांचा पिच्छा पुरवला आणि १० एप्रिल १८३८ रोजी त्यांनी दारू सोडण्याच्या शपथेवर स्वतः पहिली सही केली. कॅथलिक साधूने प्रॉटेस्टंट माणसाचे ऐकावे, ही त्या काळच्या आयर्लंडमध्ये लहान गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी डिसेंबरात ते लिमरिकला गेले तेव्हा रस्ते माणसांनी तुंबले. लोक रांगेने गुडघे टेकत, शपथेचे शब्द त्यांच्यामागून म्हणत आणि पदक घेऊन उठत. आपल्याकडे माळ घातलेल्या वारकऱ्याला गाव ओळखते आणि त्याच्यापुढे कुणी पेला धरत नाही. ते पदकही असेच राखण करी. एकट्याने केलेला निश्चय चारचौघांच्या नजरेत आला की त्याला बळ येते, हे मॅथ्यूंना नेमके उमगले होते.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती आणि शपथ घेणाऱ्यांची संख्या कित्येक लाख सांगितली जाई. हे आकडे फुगलेले असणार, कारण मोडलेली शपथ पुन्हा घेणारेही त्यात मोजले गेले असतील. पण अबकारी खात्याचा हिशेब वेगळा पुरावा देतो. कर भरून विकल्या जाणाऱ्या दारूचा खप चळवळीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास आला. सरकारी महसुलाला बसलेली ही झळ कुणा भक्ताने रचलेली नव्हती.

मॅथ्यूंना संघटना बांधणे जमले नाही. सगळे त्यांच्या एकट्याच्या नावावर चाले. पदके पुष्कळदा फुकट वाटली जात आणि त्यांचे बिल त्यांच्या अंगावर येई. कर्ज वाढत गेले. १८४७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने वर्षाला ३०० पौंडांचे वेतन दिले, तरी ते कर्ज फिटले नाही. तोवर बटाट्याच्या रोगाने देश उपासमारीत लोटला होता. शपथ घेतलेल्यांपैकी किती मेले, किती जहाजात बसून निघून गेले, याची नोंद शपथेच्या वह्यांत असणार कशी?

एका बाबतीत मात्र मी त्यांना माफ करू शकत नाही. अमेरिकेतल्या गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये कॉर्कला आले आणि त्यांनी मॅथ्यूंच्या हातून शपथ घेतली. त्याआधीच अमेरिकेतल्या आयरिश लोकांना गुलामगिरीविरुद्ध उभे राहायला सांगणाऱ्या आवाहनावर मॅथ्यूंची सही होती. पण १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा तिथल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी त्याविषयी जाहीर बोलण्याची विनंती केली आणि त्यांनी नकार दिला. दक्षिणेतल्या सभा हातच्या जातील ही भीती त्यामागे होती. दारूचे दास्य तोडायला निघालेला माणूस बेड्यांतल्या माणसाबद्दल गप्प राहिला, याचे डग्लसना दुःख झाले. शपथांच्या बेरजेत ही वजाबाकी धरावीच लागते.

८ डिसेंबर १८५६ रोजी मॅथ्यू गेले तेव्हा चळवळीची शक्ती ओसरली होती. कॅप्युचिन संघाने ती सोडून दिली नाही. १८९१ मध्ये चर्च स्ट्रीटवर मॅथ्यूंच्या नावाचे सभागृह उघडले आणि १९०५ मध्ये आयरिश बिशपांनी देशभर मद्यत्यागाचा प्रचार करण्याचे काम याच संघावर सोपवले. या वेळी ते काम एका माणसाच्या खांद्यावर नव्हते. प्रवचनांच्या जोडीला मंडळे होती, संध्याकाळी जाऊन बसायला जागा होती, गाणे-नाटक होते. दारूच्या दुकानाइतकीच ऊब देणारी दुसरी जागा असल्याशिवाय माणूस तिथून उठत नाही.