फराळाच्या डब्यातली माझी चॉकलेटं

निवृत्त झाल्यावर माणसं बासरी शिकतात, नर्मदा परिक्रमेला जातात. मी बिनसाखरेची चॉकलेटं बनवायला लागलो. बँकेतली नोकरी संपायच्या आधीच रक्तात साखर निघाली होती. तेव्हापासून दिवाळीत सगळे फराळावर बसले की मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायचो. त्यावर तोड म्हणून हा उद्योग काढला, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. ते खोटं नाही. पण त्यात काही गाळलेलं आहे, आणि काय गाळलंय ते मला चांगलं ठाऊक आहे. आज ते लिहून काढायचं ठरवलंय. जबाब घेणारा मीच, देणाराही मीच. तेव्हा टाळाटाळीला जागा कमी.

आधी कृती, कारण त्या बाबतीत माझे हात स्वच्छ आहेत. शंभर ग्रॅम कोको बटर, साठ-सत्तर ग्रॅम बिनगोडाची कोको पावडर, साखरेऐवजी साठ ग्रॅम एरिथ्रिटॉल, चिमूटभर मीठ, थोडी वेलचीपूड. एरिथ्रिटॉल स्निग्धात विरघळत नाही, म्हणून ते मिक्सरमधून अगदी पिठी करून घ्यावं लागतं. झाकण लगेच उघडलं तर पांढरा धुरळा थेट नाकात जातो. पातेल्यात पाणी उकळायचं, वर वाडगं ठेवून बटर वितळवायचं आणि त्यात बाकी सगळं मिसळायचं. वाफेचा एक थेंब आत पडला तरी सगळ्याचा घट्ट, खरखरीत गोळा होतो. मग खरी कसोटी: ४५ अंशांपर्यंत तापवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवायचं. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे बनतात. त्यांतला पाचवा जमला तरच वडीला चकाकी येते, ती टक्कन मोडते आणि जिभेवर गेल्यावरच वितळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचं स्वयंपाकघरच तीसच्या आसपास असतं. म्हणून गार पाण्याच्या परातीत वाडगं टेकवायचं, एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात उलथनं, आणि पुन्हा त्याच थेंबाची धास्ती. बाजारातलं कंपाउंड चॉकलेट वापरलं तर यातलं काहीच करावं लागत नाही, पण त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध आणि भरपूर साखर. ते माझ्या कामाचं नाही.

साच्यात ओतायचं, वर अर्धा बदाम. पंचवीसेक वड्या होतात, आणि पचणारे कार्ब वडीमागे ग्रॅमभरही भरत नाहीत. हिच्या एका बेसनाच्या लाडवात ते वीस ग्रॅमच्या घरात जातात. दोन्ही आकडे माझ्या वहीत शेजारीशेजारी आहेत.

आता पहिला प्रश्न. लाडवाचा आकडा मी का काढला? लाडू मी खात नाही. डॉक्टरांनी विचारला नव्हता, हिने तर नाहीच नाही. बँकेत असताना ज्या खात्याशी आपला संबंध नाही त्याचं लेजर कोणी उघडून बसलं, तर आम्ही त्याच्याकडे जरा रोखून बघायचो.

उत्तर भाऊबीजेच्या दिवशी सापडतं. घर माणसांनी भरलेलं असतं, ही ताटं लावते, आणि मी माझा डबा घेऊन मध्ये येतो. ‘हे घ्या, याने साखर वाढत नाही.’ वाक्य साधं आहे, शास्त्राला धरूनही आहे. पण ते म्हटल्याबरोबर ताटातले लाडू, करंज्या, अनारसे एकदम आरोपीसारखे उभे राहतात. लाडवाकडे गेलेला हात थबकतो. कोणी म्हणतं, ‘मग हेच घेतो.’ २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं म्हटलं होतं. आमच्या भाऊबीजेला त्यांचे चांगले चार-पाच प्रतिनिधी असतात, आणि बाकीचे ‘बॉर्डरलाइन’. त्यामुळे माझ्या वाक्याला गिऱ्हाईक भरपूर.

मग कौतुक सुरू होतं. पुतणी डोळे मोठे करून म्हणते, ‘काका, तुम्ही स्वतः केलंत?’ या ‘स्वतः’पाशी मी फुलतो. आता हिचे अनारसे बघू. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. मग उपसून सावलीत वाळवायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. तळताना तुपाचं तापमान चुकलं तर अनारसा हसतो, म्हणजे कढईत विरघळून पसरतो. तिच्याकडे थर्मामीटर नाही. तूप किती तापलंय ते तिला नुसतं बघून कळतं. लग्न झाल्यापासून हे दरवर्षी चाललंय. ‘वहिनी, तुम्ही स्वतः केलेत?’ असं तिला आजवर कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. तिने केले नसते तर मात्र नक्की विचारलं असतं, की यंदा अनारसे का नाहीत.

म्हणजे साखर तर मी टाळलीच, पण त्याबरोबर घरातल्या सगळ्यांत जुन्या कारागिराला एका वाक्यात मागच्या रांगेत बसवलं. हे मुद्दाम केलं का? मुद्दाम नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण वहीतले ते दोन शेजारचे आकडे तसं म्हणू देत नाहीत. जन्मभर ज्या खोलीत मला काही येत नव्हतं, तिथे मला एकदा वरचढ व्हायचं होतं. आजाराने ती संधी दिली आणि शास्त्राने भाषा पुरवली.

शास्त्राशी माझं वागणंही एकदा तपासायला हवं. दुकानातल्या ‘शुगर फ्री’ चॉकलेटात बहुधा माल्टिटॉल असतं. त्याने साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. तसा इशारा वेष्टनावर बारीक अक्षरात असतो. हे मी लोकांना आवर्जून सांगतो. खजुराचे लाडू ‘बिनसाखरेचे’ म्हणून वाटणाऱ्यांना तर मी सोडतच नाही: शंभर ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमच्या वर साखरच असते. दुसऱ्याची लबाडी पकडताना माझी बुद्धी कशी लख्ख चालते! पण २०२३ मध्येच ‘नेचर मेडिसिन’मध्ये एरिथ्रिटॉलवरचा अभ्यास आला. रक्तात ते जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळले होते. तीस ग्रॅम घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात त्याची पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढी राहिली होती. तेव्हा मी लगेच वकील झालो. एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही थोडं तयार करतं, म्हणजे रक्तातलं सगळं खाण्यातूनच आलं असं कशावरून? संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं थोडंच असतं? हे आक्षेप रास्त आहेत, तज्ज्ञांनीही घेतलेत. पण खजुराच्या बाजूने असा एखादा आक्षेप कोणी मांडला असता तर मी तो ऐकून घेतला असता का? त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला साखरेच्या पर्यायी गोडव्यांचा आधार घेऊ नये असं सुचवलं. त्यात आधीच मधुमेह असलेल्यांना वगळलं होतं आणि एरिथ्रिटॉलचा गटही धरला नव्हता. मूळ शिफारस मी भरभर वाचली, वगळण्याचं कलम दोनदा.

वहीत काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही हे जास्त बोलकं आहे. कॅलरीचा रकाना नाही. कोको बटर म्हणजे निव्वळ स्निग्ध. माझी वडी त्या बाबतीत साध्या चॉकलेटहून फारशी हलकी नाही, आणि एका बैठकीत मी किती खातो तेही लिहिलेलं नाही. गोडाची ओढ होती तेवढीच आहे, तिला फक्त पास मिळालाय. तरी नातेवाइकांत माझी ख्याती मात्र ‘काय निग्रह आहे हो’ अशी. ती मी खोडून काढलेली नाही.

कोको कुठून येतो याचाही रकाना नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या कोकोच्या शेतीत पंधरा लाखांहून जास्त मुलं बालमजुरी करतात, असं शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२०च्या अहवालात आहे. त्यांतली बरीचशी घरच्याच शेतावर, कोयत्याने शेंगा फोडत, फवारणी करत. २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा मी दुकानदाराशी कोको बटरच्या दरावरून हुज्जत घातली. अहवाल त्याआधीच वाचलेला होता. माझ्या शंभर ग्रॅमने तिथे काही बदलणार नाही हे खरं. पण अर्ध्या ग्रॅम कार्बचा हिशेब ठेवणाऱ्याने ‘एवढ्याशाने काय होतं’ असं म्हणू नये.

कार्ब मोजून खाण्याच्या या पद्धतीचा इतिहास चाळताना मी १९२१पाशी थांबलो. मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी असा आहार सुचवला होता, आणि पुढे तो विशेषतः लहान मुलांना देत. तिथे आईने ग्रॅम मोजायचे ते मुलाला झटका येऊ नये म्हणून. ते मोजणं मला समजतं. माझ्याही मोजण्याचा काही भाग तसाच आहे. बोटाला सुई टोचून आकडा बघणं ही हौस नव्हे. प्रश्न उरलेल्या भागाचा आहे.

तो भाग मावशीमुळे उघडा पडला. मावशी ऐंशी पार, मधुमेह माझ्याहून जुना. मी तिच्यासाठी मुद्दाम बदाम जास्त घातलेल्या वड्या ठेवल्या होत्या. तिने एक तोंडात टाकली. एरिथ्रिटॉल जिभेवर विरघळताना गार लागतं, पेपरमिंट खाल्ल्यासारखं. ती म्हणाली, ‘गार लागतंय रे.’ बाकीच्या रुमालात बांधून पिशवीत टाकल्या आणि हिच्याकडे वळून म्हणाली, ‘अगं, अर्धा लाडू दे बघू.’ हिने लाडू मोडला, अर्धा तिला दिला, उरलेला अर्धा स्वतः खाल्ला. दोघी काही बोलल्या नाहीत. मी बोललो. ‘मावशी, तुझी साखर किती असते आणि तू लाडू खातेस?’ आवाज जरा चढलाच.

ती काळजी होती का? थोडी होती. पण काळजीपोटी बोललो असतो तर रात्री फोन करून साखर तपासली का ते विचारलं असतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. विचारलं हिने. मला लागलं होतं ते एवढंच, की माझी वडी पिशवीत गेली आणि लाडू तोंडात.

यंदा कोको बटर आणताना हिला म्हटलं, ‘अनारशाचं पीठ मी करून बघू का?’ ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही तुमची चॉकलेटं करा. चांगली होतात. फक्त फराळाच्या वेळी माझ्या ताटाशेजारी येऊन उभे राहू नका.’ म्हणजे तिला सगळं दिसत होतं. मी वहीतला लाडवाचा आकडा खोडला. खोडल्याने तो डोक्यातून जात नाही, पण तोंडावाटे बाहेर पडायचा थांबेल. यंदा माझा डबा फडताळात राहील. ज्याला हवं त्याने मागून घ्यावं, आणि आत काय आहे, किती एरिथ्रिटॉल आहे, याची चिठ्ठी झाकणावर असेल. आणि मावशीचं काय? तिच्यासाठी वेगळा डबा करायचा की नाही ते तिलाच विचारायला हवं. ‘नको’ म्हणाली तर मला राग येईल का, हे आज मला सांगता येत नाही.