दान आणि देणे

ग्रंथालयात शिरताना दारावरील संगमरवरी पाटीकडे आपण सहसा लक्ष देत नाही. पुस्तक मिळवावे आणि खिडकीजवळची जागा धरावी, एवढीच आपली घाई असते. आमचेही तसेच होते. ज्या गावी आमचे शिक्षण झाले, तेथील वाचनालयाच्या पाटीवर एका सावकाराचे नाव होते. इमारत त्याच्या देणगीतून उभी राहिली होती. परीक्षांचा अभ्यास आम्ही तेथेच केला. आज परप्रांतात ज्या सरकारी नोकरीवर आमचा चरितार्थ चालतो, ती त्या खोलीतील दिव्याखाली मिळाली असे म्हटले तरी चालेल. नेमणुकीचा हुकूम हाती पडला त्या दिवशी आजी एवढेच म्हणाली, "आपली विहिरीची जमीन ज्याच्या घशात गेली, त्याच्याच छपराखाली शिकलास हो."

त्या वाक्याला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. अन्यायाने जोडलेल्या धनाचे दान शुद्ध होते काय, आणि त्या दानाचा उपभोग घेणाऱ्यावर काही बंधन राहते काय, हा प्रश्न मात्र तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे.

लोकव्यवहारात याची दोन उत्तरे तयार असतात. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण मराठीत म्हणतो. मग दात्याच्या तिजोरीचे मूळ तरी कशाला शोधावे? याच्या उलट, गाय मारून जोडा दान करण्याची म्हण येथे कलकत्त्यात बंगाली सहकाऱ्यांच्या तोंडी आम्ही अनेकदा ऐकली. पहिली म्हण दात्याला सहज सोडून देते, दुसरी त्याला सहज फासावर चढवते. वाचकाचे काय, हे दोन्हींतून कळत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेत सापडतो. अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका हातमागवाल्याचा मुलगा. वाफेच्या मागांनी बापाचा धंदा बुडाला, तेव्हा १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत गेले. पुढे पोलादाच्या व्यवसायात कार्नेगीने अपार संपत्ती मिळवली आणि तिच्यातून जगभर सुमारे अडीच हजार ग्रंथालयांना इमारती दिल्या. त्यांत गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये होती, तशीच महाविद्यालयांचीही होती. श्रीमंत म्हणून मरणे लाजिरवाणे आहे, असे त्याने १८८९ साली लिहिले आणि बऱ्याच अंशी ते आचरणातही आणले.

परंतु याच कार्नेगीच्या होमस्टेड येथील कारखान्यात १८९२ साली मजुरीच्या दरावरून संघर्ष झाला. धनी स्वतः त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. कारभार पाहणाऱ्या फ्रिकने कारखान्याला टाळे लावले आणि खासगी पहारेकऱ्यांची तीनशेची तुकडी नदीमार्गे आणवली. जुलैच्या ६ तारखेला काठावर जी चकमक झडली तिच्यात दोन्ही बाजू मिळून निदान दहा माणसे मेली. कामगारांची संघटना मोडली, बारा तासांचा दिवस कायम झाला. पुढे १८९८ साली त्याच होमस्टेडसाठी कार्नेगीने एक भव्य ग्रंथालय बांधून दिले. त्यात संगीतगृह होते, पोहण्याचा तलावही होता. भट्टीसमोर बारा तास उभा राहून घरी परतणाऱ्या माणसाने तेथे केव्हा जावे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

यावर कार्नेगीचा युक्तिवाद तयार होता. तीच रक्कम थोडीथोडी वाटून दिली असती तर ती खाण्यापिण्यात उडून गेली असती. एकरकमी खर्च केल्याने ती सर्वांच्या कायमच्या उपयोगी पडली. आमच्यासारख्या कारकुनाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. एका शीर्षाखाली मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळवणे, याला कचेरीच्या भाषेत पुनर्विनियोजन म्हणतात. ते वाईट असतेच असे नाही. पण त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मजुरीच्या शीर्षाखालचा पैसा ग्रंथालयाच्या शीर्षाखाली नेण्याची मंजुरी देण्यास सक्षम कोण? ज्याची मजुरी तोच. त्याला मात्र कोणी विचारले नाही. कोणाला कदाचित पुस्तकापेक्षा भाकरी हवी असेल, कोणाला मुलाचे औषध, कोणाला नुसती झोप. दुसऱ्याच्या हिताचा निर्णय त्याला वगळून त्याच्याच पैशाने करणे, ही या दानातील मूळची खोट होय. खर्च कितीही सत्कारणी लागला तरी ती भरून निघत नाही.

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. कार्नेगी तारकचेरीत निरोप्याचे काम करीत होता, तेव्हा कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थाने आपली सुमारे चारशे पुस्तके काम करणाऱ्या मुलांना खुली केली होती. दर शनिवारी पुस्तक बदलून मिळे आणि ते देण्यास तो स्वतः हजर राही. पुढे या संग्रहाच्या चालकांनी, जे मुलगे उमेदवार कारागीर नाहीत त्यांच्याकडून वर्षाला दोन डॉलर मागितले. त्यावर पोरसवदा कार्नेगीने वर्तमानपत्रात पत्र लिहून भांडण मांडले आणि जिंकले. अँडरसनने पुस्तके दिली तसे आपले शनिवारही दिले. कार्नेगीने पुस्तकांसाठी इमारती दिल्या. कामगाराला शनिवार मात्र दिला नाही. एवढ्यात दोघांच्या दानांतील अंतर येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कार्नेगीच्या देणगीला एक अट असे. जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या एकदशांश रक्कम गावाने दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्चावी. पुष्कळांना ही अट जाचक वाटली; आम्हाला तीच त्या दानातील सर्वांत निर्मळ बाजू वाटते. हिशेब सोपा आहे. दहा वर्षांत गावाचा वाटा दात्याच्या वाट्याइतका होतो आणि अकराव्या वर्षी तो पुढे जातो. पाटीवर नाव एकाचे राहते. दिवा मात्र साऱ्या गावाच्या तेलावर जळतो. होमस्टेडचा पोलाद कारखाना १९८६ साली बंद पडला. ग्रंथालय आजही उघडे आहे.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, दानाने दात्याचे खाते कोरे होत नाही. अन्याय नावे पडलेला राहतो, दान वेगळे जमा होते. दोहोंची वजावट करण्याचा अधिकार कोणाला नाही. पुस्तक मात्र निर्दोष असते, आणि ते नाकारल्याने ज्याचे गेले त्याला काही परत मिळत नाही. वाचकावर देणे राहते हे खरे. पण ते पाटीवरील नावाचे नव्हे, ज्यांची नावे कोणत्याही पाटीवर आली नाहीत त्यांचे. ते पैशाने फिटत नाही. येथील मराठी मंडळाच्या दोन कपाटांच्या वाचनालयात रविवारी सकाळी पुस्तके देण्याघेण्यास आम्ही बसतो. त्याने देणे फिटते असे नाही, फार तर व्याज जाते.

आजी आज हयात नाही. तिच्या वाक्याला तेव्हा देता न आलेले उत्तर आता सुचते. छप्पर त्याचे होते, आजी. पण त्याच्या भिंतीत आपल्याही विहिरीचे पाणी मुरले होते. आम्ही तेथे कोणाचे पाहुणे म्हणून बसलो नव्हतो.