हाताचं माप

स्वेटर विणायचा तर माप कुणाचं घ्यायचं? ज्याला घालायचा त्याचं. यात विचारण्यासारखं काय आहे, असंच मलाही कितीतरी वर्षं वाटत आलं. सासूबाईंसाठी विणले, मुलासाठी विणले, शेजारणीच्या नातवंडांना टोपी-मोजे विणून दिले. कुणी तक्रार केली नाही, म्हणून मी स्वतःला तरबेज समजत होते.

सून घरात आली त्या वर्षी दिवाळीत तिच्यासाठी विणायला घेतला. आमच्या बेळगावची थंडी उत्तरेसारखी हाडं गोठवणारी नाही, पण सकाळी लवकर कामाला निघणाऱ्या पोरीला स्वेटर हवाच की! खडेबाजारातून गर्द हिरवी लोकर आणली. तिची छाती छत्तीस इंच, वर दोन इंच ढिलाई, म्हणजे अडतीस. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदावर छापलेलं होतं : आठ नंबरच्या सुया, चार इंचात बावीस टाके. म्हणजे इंचाला साडेपाच. पाठीला १०४ टाके, पुढच्या बाजूलाही तेवढेच. हिशेब चोख होता. आधी छोटा तुकडा विणून टाके मोजून बघावेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एक संध्याकाळ त्यात कशाला घालवायची? इतक्या वर्षांचा हात!

स्वेटर झाला. तिनं घातला, "छान झालाय, आई," म्हणाली आणि सबंध हिवाळा घातला. मी सुखावले.

पुढच्या थंडीत तो धुवायला घेतला, तर आतून दोन्ही काखांखाली सेफ्टी पिना. एकेका बाजूला तीन-तीन, नीट चुण्या घालून लावलेल्या. मी टेप घेऊन मोजलं. साडेएक्केचाळीस इंच!

"अगं, सांगायचं नाहीस का?" मी विचारलं. ती ओशाळली. "तुम्ही रात्री जागून विणलात हो आई. कसं सांगू?"

खरं सांगते, पहिल्यांदा मला तिचाच राग आला. वर्षभर खोटं बोलली! मधे भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीला आम्ही दोघींनी हात जोडून एकमेकींची क्षमा मागितली होती. कशाची मागितली? तिच्या मनात पिना होत्या आणि माझ्या मनात काहीच नव्हतं. नाव न घेता मागितलेली क्षमा किती सोपी असते!

मग ठरवलं, चूक कुठं झाली ते तरी बघू. स्वेटरवर टेप ठेवून टाके मोजले. चार इंचात बावीस नव्हेत, वीस. दोनच टाक्यांचा फरक. पण तोच सगळ्या घेरात साडेतीन इंचांचा होऊन बसला. कागदावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा होता. माझा हात सैल.

तेव्हा उमगलं, की तो छोटा तुकडा घालणाऱ्याचं माप घेण्यासाठी नसतोच. तो विणणारीचं माप घेतो. सुनेची छाती मी मोजली होती, स्वतःचा हात मोजला नव्हता. बाकीच्या आयुष्यात तरी मी दुसरं काय करते? ही सून अबोल, तो दीर चिक्कू, ती जाऊ तोंडाळ. सगळ्यांची मापं माझ्याकडे तयार. ती कुठल्या हातानं घेतली, रागात आवळलेल्या की लाडानं सैल झालेल्या, हे कधी तपासलंच नाही. आणि सून खोटं बोलली म्हणताना मी हे विसरले, की नावाजून घेण्याची मला इतकी सवय लागली होती, की खरं बोलायला तिला माझ्यापुढं जागाच उरली नव्हती. खोटं तिचं होतं, पण त्यात निम्मा वाटा माझा होता.

सैल हाताला उपाय काय? नवशिकी मुलगी टाके ओढून ओढून विणते. त्याचा उपयोग होत नाही. दोन ओळी घट्ट येतात, गप्पांत मन रमलं की हात पुन्हा आपल्या वळणावर. शहाणी बाई हाताशी भांडत नाही, सुई बदलते. मी स्वेटर उसवला. कुरळी झालेली लोकर लडी करून कोमट पाण्यात धुतली, वाळवली. मग तुकडे विणले. नऊ नंबरच्या सुयांवर चार इंचात एकवीस टाके आले, दहावर बावीस. तुकडाही धुऊन, वाळवून, कडा सोडून मधेच मोजला. अर्धा टाकासुद्धा सोडला नाही, कारण तोच पुढं पाऊण इंच होतो.

स्वभाव बदलेन असं या वयात मी म्हणत नाही. पण सुई बदलता येते. "छान झालंय ना?" असं विचारण्याऐवजी "कुठं अडतंय?" असं विचारता येतं. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते आपणच समोरच्याच्या तोंडात घातलेलं असतं.

परवा पाठ-पोट कच्चं जोडून तिला घालायला दिलं आणि विचारलं, "कुठं अडतंय?"

ती जरा घुटमळली. मग हात वर करून म्हणाली, "मुंढ्यात आवळतंय, आई."

मी खांद्याकडचे टाके सोडवले आणि चार ओळी वाढवल्या.